शेळके सरांना दिसलेली संख्या

शेळके सर आमच्या शाळेत हिंदी शिकवत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून ते गणिताचे शिक्षक होते असा समज होईल. गणिताचा शिक्षक मी होतो, आणि आहे. राजूरच्या या शाळेत मला सव्वीस वर्षे झाली. त्यांतली अकरा वर्षे शिक्षकखोलीत मुरलीधर शेळके माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत. त्या अकरा वर्षांत गणिताबद्दल काही विचारायचे असले की मुले आधी त्यांच्याकडे पाहत आणि मग, जरा ओशाळून, माझ्याकडे.

शाळेच्या दारातून आत आले की डाव्या हाताला एक फळा आहे. त्यावर रोज एकूण पट आणि त्या दिवशीची उपस्थिती लिहितात. दुसरा तास संपला की शेळके सर त्या फळ्यावरून जात. थांबत नसत. चालता चालता एकदा बघत, कानाची पाळी ओढत आणि शिक्षकखोलीत येऊन सांगत, "आज पाचशे सत्तावीस. सतरा अन् एकतीस." म्हणजे सतरा गुणिले एकतीस. एखाद्या दिवशी उपस्थिती पाचशे एकेचाळीस असली की खुर्चीत बसत आणि म्हणत, "आज गणंग."

मटकी भिजत घातली की काही दाणे दगडासारखे राहतात. ते भिजत नाहीत, शिजत नाहीत, दाताखाली आले तर दात दुखतो. त्यांना गणंग म्हणतात. जी संख्या एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भागली जात नाही, जिला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात, तिला शेळके सर गणंग म्हणत. मी वर्गात मूळ संख्येची व्याख्या दोन ओळींत लिहून देई. मुले ती पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. आपसात बोलताना मात्र गणंगच म्हणत.

हे त्यांना कुठून आले, ते त्यांनी एकदाच सांगितले. पुणतांब्याला त्यांच्या वडिलांची पेरूची बाग होती. पेरू उतरवले की पोत्यावर ओळीने मांडायचे काम यांच्याकडे. सगळ्या ओळी सारख्या झाल्या पाहिजेत, एखादी ओळ लंगडी राहिली तर वडील पेट्या भरू देत नसत. काही वेळा मोजणीच अशी निघे की कशाही ओळी केल्या तरी एखादा पेरू उरे किंवा कमी पडे, आणि मग सगळे पेरू एकाच लांबलचक ओळीत मांडावे लागत. "तवापास्नं सवय लागली," ते म्हणाले. "आकडा दिसला की तो ओळीत बसतो का न्हाई, एवढंच बघतो." मी विचारले, पण कसे बघता? त्यावर त्यांचे उत्तर नेहमीचेच होते. "दिसलं."

या एका शब्दाने माझी जेवढी चिडचिड झाली तेवढी कशानेच झाली नाही. मला काही दिसत नाही. मला करावे लागते. कागद घ्यावा लागतो, आधी तीनने, मग सातने, मग अकराने भागावे लागते. भागाकार चुकला नाही ना हे उलट गुणून बघावे लागते. मी ते नीट करतो. माझ्या हातून तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या बेरजेत सव्वीस वर्षांत एकही चूक निघालेली नाही. पण हे कोणी फळ्यावरून जाताना सांगत नाही.

मी एक वही केली होती. तिच्यात शेळके सरांनी सांगितलेली प्रत्येक फोड लिहायची आणि घरी जाऊन तपासायची. त्यांची चूक सापडावी एवढाच त्या वहीचा हेतू होता, हे आज लिहायला मला लाज वाटते, पण दुसरा हेतू मला आठवत नाही. चारशे सहा नोंदी झाल्या. चुका शून्य.

एकदा मात्र मला वाटले, सापडली. त्या दिवशी उपस्थिती पाचशे एकावन्न होती आणि शेळके सर म्हणाले, "एकोणीस अन् एकोणतीस." मी मनातल्या मनात वीस गुणिले एकोणतीस केले, पाचशे ऐंशी आले, त्यातून एकोणीस वजा केले आणि सगळ्या शिक्षकखोलीसमोर म्हणालो, "नाही सर, त्याचे पाचशे एकसष्ट होतात." मुख्याध्यापिका बाई तेव्हा तिथेच चहा घेत होत्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देशपांडे, एकोणतीस वजा करायचे असतात." कोणी हसले नाही, त्यामुळे जास्तच लागले. शेळके सरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "घाईत हुतं असं." त्यांनी ते समजूत घालायलाच म्हटले असणार. मी पुढचे दोन दिवस त्यांच्याशी कामापुरते बोललो.

शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले त्या वर्षीची गोष्ट तर आजही शाळेच्या शेरेबुकात आहे. ते माझ्या नववीच्या वर्गावर आले. त्यांनी विचारले, एक हजार एक ही मूळ संख्या आहे का? मी या प्रश्नाला तयार होतो. मुलांनी भागाकाराच्या कसोट्या लावाव्यात म्हणून मी खडू उचलत होतो, तेवढ्यात सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सात, अकरा, तेरा." अधिकारी खूश झाले. हे कोणी शिकवले, असे त्यांनी विचारले आणि वर्गाने तितक्याच एका सुरात सांगितले, "शेळके सरांनी." हिंदीच्या तासाला धडा लवकर संपला तर उरलेल्या वेळात ते मुलांकडून संख्या फोडून घेत, हे मला माहीत होते. अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला: गणिताचे वातावरण उत्तम, श्री. शेळके (हिंदी) यांचे परिश्रम कौतुकास्पद. कंसातला तो शब्द मी किती वेळा वाचला असेल ते मोजलेले नाही. माझी मोजण्याची सवय तिथे मुद्दाम थांबवली.

घरीही सुटका नव्हती. ते एकदा चहाला आले, तेव्हा आमच्या वीजमीटरचा क्रमांक त्यांनी दारातच फोडला. बायकोला त्याचे इतके कौतुक वाटले की पुढे मी किराण्याची यादी दोनदा तपासू लागलो की ती म्हणे, "शेळके सर असते तर एव्हाना घरी आले असते."

तरीही माणूस वाईट नव्हता, हेच खरे दुखणे होते. ते गर्विष्ठ असते, मुलांसमोर माझा पाणउतारा करत असते, तर माझ्या मत्सराला काही आधार मिळाला असता. त्यांचा एकच हट्ट होता: संख्येबद्दल मोबाईलला विचारायचे नाही. एका तरुण शिक्षकाने एकदा विचारले, तेव्हा ते त्याला म्हणाले, "त्यानं सांगितलं, तुला काय कळलं?" तेव्हापासून शिक्षकखोलीत तो नियमच झाला, आणि मीही तो पाळला. सगळ्यांत काटेकोरपणे मीच पाळला.

आता माझ्या संख्येकडे येतो.

कॉलेजात असताना आमच्या एका प्राध्यापकांनी एक गंमत सांगितली होती. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, तेहतीसचा वर्ग एक हजार एकोणनव्वद. दोन्हींची बेरीज १२३३. म्हणजे बारा आणि तेहतीस नुसते शेजारी शेजारी लिहिले की जी संख्या होते, तीच त्यांच्या वर्गांची बेरीज. तसेच अठ्ठ्याऐंशी आणि तेहतीस यांचे, ८८३३. अशी मोठी संख्या असेल का, असे मी विचारले होते. ते म्हणाले होते, शोध.

तीस वर्षांनी मी शोधायला बसलो. माझ्या लक्षात आले की शेवटचे चार अंक वेगळे काढायचे असतील, तर सुरुवातीचा भाग एक धरा, दोन धरा, असे करत प्रत्येक वेळी त्याला दहा हजारांतून तोच वजा करून आलेल्या संख्येने गुणायचे. तो गुणाकार लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतका आला की काम झाले, त्या दोघींतली मोठी म्हणजे शेवटचे चार अंक. शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी मी सुरुवात केली. संध्याकाळच्या चहानंतर रोज पाच गणिते, रविवारी दहा. आठवड्याला चाळीस. पंधराव्या आठवड्यातल्या शनिवारी, त्या दिवशीच्या तिसऱ्या गणितात, मी ५८८ ला ९४१२ ने गुणले. ५५३४२५६ आले. तेच २३५२ गुणिले २३५३ असे येतात. मी पुन्हा केले. पुन्हा तेच. मग वर्ग करून पाहिले. ५८८ चा वर्ग ३४५७४४. २३५३ चा वर्ग ५५३६६०९. बेरीज ५८८२३५३.

घरात घट बसलेले होते, बायको आरतीला हाक मारत होती. मी आरतीत उभा राहिलो, पण टाळी वाजवायची राहून गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे. पण मला ती संख्या फुटते का हेही पाहायचे होते. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे २४२५ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे. मी आधी त्यांची यादी केली आणि रोज दहा भागाकार करत दिवाळीची सुट्टी पार केली. एकूण ३६१ भागाकार झाले. एकदाही बाकी शून्य आली नाही. संख्या गणंग होती. मी सुवाच्य अक्षरात चार पानांचा लेख लिहिला. जिल्ह्यातले गणिताचे शिक्षक मिळून एक त्रैमासिक काढतात, त्याला पाठवायचा होता. माझे नाव कधी कुठे छापून आलेले नाही. तेही हवेच होते.

पण त्याहून जास्त हवे होते ते दुसरेच. "हे मला माहीत नव्हते," असे शेळके सरांच्या तोंडून एकदा ऐकायचे होते.

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला सगळे पांगले, तेव्हा मी चार पाने आणि भागाकारांची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पहिले पान वाचले. कानाची पाळी ओढली. मग ते म्हणाले, "सर, लई देखणी हाय ही. हिला मी वळखतो, गणंग म्हणून. दहा कोटी एक हाय न्हवं, त्याला सतरानं भागलं की हीच येती. पर वर्गांचं मला म्हाईत न्हवतं."

ते वाक्य त्यांनी म्हटले. मी ज्यासाठी पाच महिने काढले ते वाक्य त्यांनी स्पष्ट, माझ्याकडे बघून म्हटले. पण मला ते ऐकायची सवड मिळाली नाही, कारण त्यांचे बोट पानावर पुढे सरकले होते.

"याला एक भाऊ असंल," ते म्हणाले. "हे बघा, बारा अन् अठ्ठ्याऐंशी शंभर. दोघांच्याही मागं तेहतीस. तसंच, पाचशे अठ्ठ्याऐंशीला दहा हजाराला किती कमी? नऊ हजार चारशे बारा. त्याच्या मागं तेवीस त्रेपन्न लावा." आणि माझ्याच पेन्सिलीने त्यांनी लिहिले: ९४१२२३५३.

मी तिथेच वर्ग केले. ९४१२ चा वर्ग ८८५८५७४४. त्यात ५५३६६०९. बेरीज ९४१२२३५३.

बारा-तेहतीस आणि अठ्ठ्याऐंशी-तेहतीस ही जोडी मला तीस वर्षे पाठ होती. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ती मी लिहिली होती. आणि ९४१२ हा आकडा तर माझ्याच हाताने माझ्याच वहीत लिहिलेला होता, पाचशे अठ्ठ्याऐंशीच्या शेजारी, गुणाकाराच्या चिन्हापलीकडे. मी उत्तर सापडताच वही मिटली होती.

त्यांचे अजून संपले नव्हते. ते भागाकारांची वही चाळत होते. म्हणाले, दहा कोटी एक आणि तिच्या फोडी, या घराण्यातल्या संख्यांना जो भागतो त्याला सोळाने भागले की बाकी एकच उरते, त्यांनी अशा बऱ्याच फोडून पाहिल्या आहेत. तेव्हा सगळ्यांनी भागायची गरज नव्हती, सतरा, सत्त्याण्णव, एकशे तेरा अशा तेवढ्याच घ्यायच्या. घरी जाऊन मी मोजल्या. एकेचाळीस निघाल्या. माझे तीनशे एकसष्ट भागाकार आणि त्यांचे एकेचाळीस. मग शेवटच्या पानांपैकी एकावर ते थांबले. "दोन हजार एकवीस कशाला घेतला सर? त्रेचाळीस अन् सत्तेचाळीस हाय तो." मूळ संख्यांच्या माझ्या यादीत एक फुटणारी संख्या राहून गेली होती. म्हणजे खरे भागाकार तीनशे साठ. सन दोन हजार एकवीसमध्ये शाळा भरली तेवढे दिवस मी रोज फळ्यावर तारखेपुढे तो आकडा लिहिला होता.

मी पाने गोळा केली. त्यांनी विचारले, कधी पाठवताय? मी म्हणालो, जरा सुधारतो. त्यावर ते काहीतरी म्हणाले, पण तोवर मी जिना उतरत होतो.

लेख मी सुधारला नाही. त्यात अडचण होती ती अशी. दुसरी संख्या आता मला माहीत होती, त्यामुळे ती वगळून लेख पाठवणे म्हणजे अर्धवट उत्तर देणे, आणि ते माझ्याने होत नाही. ती घालून पाठवायचा तर ती कोणी काढली हे लिहायला हवे. आणि ते लिहिले की वाचणारा माझे पाच महिने विसरणार आणि त्यांचे अर्धे मिनिट लक्षात ठेवणार. शेरेबुकाचा अनुभव होताच. लेख कपाटात राहिला. शेळके सर महिन्या-दोन महिन्यांनी विचारत, "पाठवलं का सर?" मी म्हणे, करतोय. त्यावर ते अधिक काही विचारत नसत.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ शनिवारीच ठेवला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र झाले, मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते बोलले नाहीत. त्यांनी फळा पुढे ओढायला सांगितला आणि त्यावर ५८८ आणि २३५३ शेजारी शेजारी लिहून मुलांना म्हणाले, यांचे वर्ग करा आणि बेरीज सांगा. वर्गात ते आमच्यासारखेच शुद्ध बोलत. दहा मिनिटे सभागृहात फक्त कागदांची सळसळ होती. मग मागच्या बाकांवरून, पुढच्या बाकांवरून आकडे येऊ लागले, आणि ज्याला उत्तर येई तो फळ्याकडे बघून गप्प होई, कारण उत्तर फळ्यावर आधीच लिहिलेले होते.

"ही देशपांडे सरांची संख्या आहे," शेळके सर म्हणाले. "एकापासून सुरुवात करून पाचशे अठ्ठ्याऐंशी गणिते त्यांनी ओळीने केली. मी इतकी वर्षे संख्या फोडतो, पण माझ्याने हे झाले नसते. पन्नासाव्याला मी उठलो असतो."

टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत त्या सभागृहात माझ्यासाठी पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या होत्या. दुसऱ्या संख्येचा त्यांनी उच्चारही केला नव्हता. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मला कळत होते की ती त्यांनी बाजूला ठेवली आहे, आणि कोणासाठी ठेवली आहे. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटले, हेसुद्धा याला जमते.

मग नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, अशी अजून एखादी आहे का?"

शेळके सर माझ्याकडे वळले. "ते देशपांडे सरांना विचारा. संख्या त्यांची आहे."

मी उठलो. सभागृहात मावलेली तीनशे मुले, सगळे शिक्षक, बाई. एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "अजून तरी सापडलेली नाही."

शेळके सरांच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही. त्यांनी मान डोलावली आणि फळा पुसला.

त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. नारळ माझ्या हातात होता. संगमनेरची गाडी लागायला वेळ होता, आणि मला मघाचे ते उत्तर पोटात ठेवता येईना. मी म्हणालो, "सर, मी खोटं बोललो."

"कवा?"

"मघाशी. दुसरी आहे ना. तुम्ही काढलेली."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मला वाटलं, पोरांसाठी राखली तुमी. सांगून टाकली असती तर त्यांनी काय शोधायचं?"

त्यांना खरेच तसे वाटले होते, की मला वाचवायला ते तसे म्हणाले, हे मी ठरवू शकलेलो नाही. मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिले आहे. बाकी उरतेच.

लेख मी त्या सोमवारी पाठवला, दोन्ही संख्यांसह, दोघांच्या नावाने. त्यांचे नाव आधी लिहिले. ते लिहायला मला दोन कोरे कागद जास्तीचे लागले.

त्या शनिवारी स्टँडवर शेवटी गाडी आली. ते खिडकीशी बसले, नारळ आत घेतला, पिशवी मांडीवर ठेवली. मी निरोपासाठी हात वर केला, पण त्यांचे लक्ष नव्हते. मानपत्राची गुंडाळी त्यांनी गुडघ्यावर उलटी उलगडली होती आणि कोऱ्या बाजूवर ते काहीतरी लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले, कागद लांब धरून पाहिला आणि एकटेच हसले. गाडी वळणावर गेली तरी मान खालीच होती. मी हात वर धरून उभा होतो, आणि ते गेले याचे वाईट वाटण्याच्या आधी माझ्या मनात आले, कोणती असेल ती संख्या.